पेटी न बदलणारे वामनराव

वामनराव चिटणीस गाडीचं बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरला तीन प्रश्न विचारत. कधीपासून होऊन राहिलं? त्याच्या आधी गाडीला कोणी हात लावला होता? आणि तुम्ही स्वतः काय केलं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ड्रायव्हर खोटं बोलत, आणि वामनरावांना ते लगेच कळे. मग ते खिशातून सुपारीचं खांड काढून दाढेखाली धरत आणि रस्त्यावरची वर्दळ बघत उभे राहत. ड्रायव्हर खरं बोलेपर्यंत गाडीला हात लागत नसे.

उज्जैनच्या देवास गेटला बसस्टँडच्या भिंतीला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. काम एकट्याने करत. डायनामो, बॅटरी, तारा आणि पेटी एवढंच बघत. इंजिन बिघडलं असेल तर समोरच्या मिस्त्रीकडे पाठवत. पेटी म्हणजे बॉनेटच्या आत बसवलेला काळा डबा. डायनामोची वीज बॅटरीत कधी आणि किती जाऊ द्यायची हे तो डबा ठरवतो. आत तांब्याच्या तारेची दोन रिळं असतात आणि त्यांच्यावर उघडझाप करणाऱ्या पट्ट्या. बाहेरून बघितलं तर काहीच दिसत नाही, त्यामुळे गाडीत कसलाही विजेचा बिघाड झाला की लोक पेटीवर संशय घेत आणि ती बदलून टाकत. वामनरावांना याचा मनापासून राग होता.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्य भारत झाला त्या सुमारास. माझे यजमान रेल्वेत, त्यांची बदली उज्जैनला झाली म्हणून आम्ही जळगावहून आलो होतो, आणि मला फिरत्या दवाखान्यात नर्सची नोकरी मिळाली होती. फिरता दवाखाना म्हणजे लढाई संपल्यावर लष्कराने विकून टाकलेली एक हिरवी गाडी. तिच्यात डॉक्टर, मी, औषधांच्या पेट्या आणि ड्रायव्हर रामप्रसाद. आम्ही भैरवगढ़च्या पुढच्या खेड्यांमधून देवीच्या लसी टोचत फिरत असू.

ही गाडी रोज सकाळी सुरू व्हायला नकार द्यायची. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. शेवटी रामप्रसादने तिला ढकलत देवास गेटला आणलं. वामनरावांनी तीन प्रश्न विचारले, बॉनेट उघडलं, हँडल मारून इंजिन सुरू करायला लावलं आणि पेटीवर कान ठेवून म्हणाले, "बंद करा."

रामप्रसादने इंजिन बंद केलं. वामनराव तसेच वाकून राहिले. मग मला म्हणाले, "सिस्टरबाई, इकडे या. तुम्ही लोकांच्या छातीला नळी लावता ना, तुमचे कान तयार आहेत. इंजिन बंद झालं की आत टिक असा आवाज यायला पाहिजे. आला का?"

पुन्हा इंजिन सुरू झालं, बंद झालं. मी ऐकलं. आवाज आला नाही.

"पट्टी चिकटून राहिली," ते म्हणाले. "रात्रभर बॅटरी उलटी डायनामोत खाली होऊन राहिली. बॅटरी बदलून काय होणार? नवीन घागर आणली, भोक तर नळालाच आहे."

मी म्हटलं, "भोक नळाला असेल तर घागर भरणारच नाही."

"बरोबर," म्हणाले. "मला बोलायचं कळत नाही. काम बघा."

पेटी उघडून त्यांनी चिकटलेल्या पट्टीखालच्या फटीतून बारीक पॉलिश कागदाचा तुकडा दोनदा ओढला, मग कोऱ्या कागदाचा एकदा. इंजिन बंद केल्यावर टिक वाजलं. ती पेटी पुढे सात-आठ वर्षं चालली.

चिटणीस हे आडनाव त्यांना त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासून होतं. घराण्यातले लोक दरबारात पत्रं लिहायचे. त्यांच्या घरी मोडीतल्या कागदांची एक पेटी होती, पण वामनरावांना ते कागद वाचता येत नव्हते आणि एकंदरच लिहिण्याचं त्यांना वावडं होतं. पावतीवर सही करायची असली तरी आधी हात धुवून, पुसून, टेबलापाशी बसून, जीभ ओठांत धरून ते ती करत. लहानपणी शाळा सोडून ते वीजघरात कामाला लागले होते. तारांमध्ये त्यांची बुद्धी विलक्षण चाले. अक्षरांशी मात्र त्यांचं जमलं नाही, आणि याची त्यांना लाज वाटे. ती लाज ते रागाने झाकत.

रागही साधा नव्हता. कुणी स्क्रू नीट आवळला नाही, तार उघडी ठेवली, तर चारचौघांत ते त्याची इज्जत काढत. एकदा एका बसमालकाच्या मिस्त्रीने डायनामोची तार नुसती गुंडाळून सोडली होती. वामनरावांनी त्या माणसाला बोलावून घेतलं, त्याच्याच हाताने ती तार सोडवायला लावली आणि स्टँडवरच्या प्रवाशांकडे बोट करून विचारलं, "इनमें से किसको जलाना था? बता दे." तो मिस्त्री पन्नाशीचा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मी दवाखान्याचा स्पिरिटचा डबा घेऊन तिथे उभी होते. वामनरावांचं म्हणणं खरं होतं आणि तरीही मला ते आवडलं नाही. त्यांना मी तसं सांगितलंही.

"तुम्ही पेशंटला सुई चुकीची टोचली तर डॉक्टर काय म्हणतील?" ते म्हणाले.

"आत बोलावून म्हणतील."

"माझ्याकडे आत नाही, सिस्टरबाई. चार पत्रे आहेत."

त्यांच्या पत्नी, इंदूताई, अगदी वेगळ्या. बोलक्या, हसऱ्या, कुणाकडेही जाऊन बसणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. वामनराव दुपारी दोन वाजता जेवायला घरी जात आणि इंदूताई तोवर उपाशी राहत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते येऊन आधी अर्धा तास हात धुतात. मी आधी जेवले तर मग बघत काय बसू?" वामनरावांचे हात खरंच बघण्यासारखे होते. खोबरेल, मग राख, मग साबण. विजेच्या कामात तेलकट हात चालत नाही असं ते म्हणत, पण मला वाटतं त्यांना आपण काळ्या हाताचे मिस्त्री आहोत हे घरात न्यायचं नव्हतं.

मग राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळला गेली. आमच्या कचेऱ्यांमध्ये महिनोन्महिने नुसतं सामान बांधणं चालू होतं. ज्यांची नावं भोपाळच्या यादीत होती ते एका चेहऱ्याने फिरत आणि ज्यांची नव्हती ते दुसऱ्या. त्यातच कळलं की भोपाळला सरकारी गाड्यांसाठी मोठं वर्कशॉप उघडणार आहेत आणि विजेच्या कामाला अनुभवी माणूस हवा आहे. पक्की नोकरी, राहायला क्वार्टर. आमच्या डॉक्टरांनी वामनरावांचं नाव सुचवलं.

अर्ज मी लिहिला. वामनराव समोर बसून सांगत होते. "कुशल" हा शब्द त्यांनी तीनदा काढायला लावला. "कुशल कोण म्हणतं? मी? ते त्यांनी म्हणावं. तुम्ही लिहा, एवढी वर्षं काम करतो." इंदूताई मात्र दारात उभ्या राहून म्हणत होत्या, "लिहा हो तुम्ही, कुशल लिहा. यांचं काय ऐकता?" मी लिहिलं. आठवड्याभरात सर्किट हाउसवर मुलाखतीला बोलावणं आलं. मुलाखत घेणारे अधिकारी इंदूरचे, वाहन विभागाचे, बोलायला सौम्य. वामनरावांना त्यांनी एक पेटी खोलून दाखवायला सांगितली. वामनरावांनी ती खोलली आणि म्हणाले, "साहब, ये अच्छी है. इसको क्यों खुलवाया?" अधिकारी खूश झाले. नाव यादीत पहिलं लागलं. ऑर्डर यायची बाकी होती. इंदूताईंनी पितळेची भांडी जुन्या धोतरात बांधून ठेवली आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगून आल्या.

याच सुमारास आमच्या गाडीला नवा रंग दिला होता. नवं राज्य, नवं नाव, तेव्हा जुना हिरवा रंग जाऊन तिथे पिवळसर पांढरा आला आणि दोन्ही बाजूंना नवी अक्षरं. गाडी देखणी दिसू लागली. दीड महिना बरी चालली. मग दिवे उडायला लागले. संध्याकाळी परत येताना रामप्रसादने दिवे लावले की आधी ते भलतेच लख्ख पेटत आणि मग फट्कन जात. बॅटरीतलं पाणी उकळे, गाडीत आंबूस वास पसरे. माझ्या पातळाला बॅटरीतल्या तेजाबाने भोकं पडली.

आता गाडी नव्या विभागाच्या ताब्यात होती. बाहेरच्या माणसाला दाखवायची नाही असा हुकूम होता. विभागाच्या मिस्त्रींनी पेटी बदलली. चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसरी पेटी मागवली, बसवली. पुन्हा तेच, आणि या खेपेला बॅटरी फुगून तडकली. गाडी उभी राहिली. आम्ही दोन आठवडे खेड्यांमध्ये गेलो नाही. त्या दिवसांत भैरवगढ़च्या पलीकडच्या एका वस्तीत देवी निघाल्याची बातमी आली. मी बैलगाडीने गेले. दोन मुलं आजारी होती. दोन्ही वाचली, पण एकीचा डावा डोळा गेला. गाडी वेळेवर पोचली असती तर तिला लस मिळाली असती. असती की नसती हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिच्या आईने मला "आप पिछले हफ्ते क्यूँ नहीं आईं?" असं विचारलं.

कचेरीत मात्र उत्तर तयार होतं. दोन नव्या पेट्या खराब निघूच शकत नाहीत, म्हणजे ड्रायव्हरच डब्याशी छेडछाड करतो. रामप्रसादला चौकशीची नोटीस मिळाली. पंधरा वर्षं नोकरी केलेला माणूस. माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "बाईजी, मैंने डब्बा छुआ तक नहीं. मुझे तो खोलना भी नहीं आता." चौकशी दुसऱ्या दिवशी होती आणि करणारे अधिकारी तेच, इंदूरचे.

मी हुकूम बाजूला ठेवला आणि टांगा करून देवास गेटला गेले. वामनराव दुपारचे जेवून नुकतेच आले होते. लगेच आले. कचेरीच्या मागच्या अंगणात गाडी उभी होती. तडकलेल्या बॅटरीच्या जागी रामप्रसादने दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून लावली. वामनरावांनी तीन प्रश्न विचारले. रामप्रसादने खरी उत्तरं दिली. मग इंजिन सुरू करून दिवे लावले. दिवे लख्ख झाले. वामनरावांनी पिशवीतून एक सुटी तार काढली, तिचं एक टोक पेटीला धरलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवलं. दिवे एकदम शांत झाले. नेहमीसारखे पिवळट. तार उचलली की पुन्हा लख्ख, टेकवली की शांत.

"मिल गया!" रामप्रसाद ओरडला.

वामनरावांनी सुटी तार गुंडाळून पिशवीत टाकली. पेटीतून एक तार निघून गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली असते. तिला मिस्त्री लोक अर्थ म्हणतात. ती पत्र्याला भिडली नाही तर पेटीला डायनामोवर लगाम ठेवता येत नाही. वामनरावांनी तो स्क्रू काढला. तारेच्या टोकाखाली पत्रा नव्हताच. नवा पिवळसर रंग होता, जाड आणि गुळगुळीत. रंग दिल्यावर तो खरवडून न काढता कुणीतरी वरूनच स्क्रू आवळला होता. सुरुवातीला स्क्रूच्या आट्यांनी थोडाफार पत्रा धरला असणार. पुढे धुळीने आणि हादऱ्यांनी तेवढाही सुटला. विभागाच्या मिस्त्रींनी दोनदा पेटी बदलली, पण तारेचं हे टोक त्यांनी पाहिलंच नव्हतं.

वामनरावांनी सुरीने रंग खरवडला. पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडत राहिले, गरजेपेक्षा फार जास्त वेळ. स्क्रू आवळला. दिवे लावून बघितले. हात पुसले. रामप्रसाद त्यांच्या पाया पडायला वाकला तेव्हा ते चटकन मागे सरकले आणि चालत निघून गेले. मला वाटलं, यांचं नेहमीचं तऱ्हेवाईकपण.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी सुरू झाली. मी सांगितलं की गाडी दुरुस्त झाली, दोष पेटीत नव्हता, अर्थच्या तारेत होता. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "तो अर्थ का वायर किसने ढीला किया?" आणि रामप्रसादकडे बघितलं. रामप्रसादचा चेहरा पडला. गाडी सुधारल्याने त्याची सुटका झाली नव्हती, उलट आरोप नेमका झाला होता.

तेवढ्यात वामनराव आत आले. धुतलेला पांढरा कोट, काळी टोपी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"साहब, वो वायर मैंने लगाया था."

अधिकाऱ्यांना आधी कळलंच नाही. वामनरावांनी सांगितलं. रंगाचं काम बाहेर दिलं होतं; रंगाऱ्याने पेटी आणि तारा काढून पुन्हा बसवायला वामनरावांना बोलावलं होतं. "पेंट के ऊपर स्क्रू मैंने कसा. खुरचना था, खुरचा नहीं. ड्राइवर को क्या मालूम."

"आपको पता है आपका नाम किस लिस्ट में है?"

"मालूम है."

"फिर भी कह रहे हैं?"

"जो हुआ वो कह रहा हूँ."

अधिकाऱ्यांनी समोरचा कागद बाजूला सारला. मला वाटतं त्यांनाही ते नको होतं. शेवटी म्हणाले, "लिखकर देना पड़ेगा."

मी कागद ओढला. वामनरावांनी माझ्या हातातून टाक काढून घेतला. "हे मी लिहितो," म्हणाले. बाहेर जाऊन हात धुवून आले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. आम्ही सगळे थांबलो. रामप्रसाद भिंतीला टेकून उभा, अधिकारी दुसऱ्या फायली चाळत, मी खिडकीशी. वामनरावांनी मराठीत लिहिलं. चार ओळींना त्यांना पाऊण तास लागला. त्यात एकदाही "चुकून" हा शब्द नव्हता. खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काल बोलला का नाहीत? या बिचाऱ्याने काल संध्याकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नसेल."

"काल ठरलं नव्हतं," ते म्हणाले. "खोटं कशाला सांगू? आज दाराशी येईपर्यंत पण ठरलं नव्हतं." मग म्हणाले, "ज्या दिवशी ती पेटी बसवली ना, त्याच दिवशी सर्किट हाउसला जायचं होतं. घड्याळ बघून राहिलो होतो."

त्यांना त्या मुलीच्या डोळ्याबद्दल मी सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही. ते बरोबर केलं की नाही हे मला ठरवता आलेलं नाही.

रामप्रसाद कामावर राहिला. वामनरावांचं नाव यादीतून गेलं. इंदूताई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ते दुपारी दोनला येत, हात धूत, आणि इंदूताई ताट वाढून शेजारी जाऊन बसत. नवव्या दिवशी मी गेले तेव्हा भांडी पुन्हा मांडणीवर होती. इंदूताई मला म्हणाल्या, "नोकरी गेली त्याचं नाही हो. मला आधी सांगितलं असतं तर मी काय नाही म्हणाले असते?" मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणाले असते."

रामप्रसादही पुष्कळ दिवस फुरंगटून होता. एक संध्याकाळ आणि एक रात्र आपल्याला तसंच टांगून ठेवलं, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. पण गाडी दाखवायला तो देवास गेटलाच जाई.

वामनराव तसेच शेडमध्ये काम करत राहिले. फरक एवढाच पडला की काम झालं की ते ड्रायव्हरला पुढे बोलवत आणि म्हणत, "तू ओढून बघ. हललं तर सांग." ड्रायव्हर संकोचाने तार ओढून बघत. कुणाला चारचौघांत बोलणं त्यांनी सोडलं असं मी म्हणणार नाही. पण आवाज खाली आला होता. तो पन्नाशीचा मिस्त्री कधीकधी त्यांच्या शेडमध्ये बसलेला दिसे. दोघांत काय बोलणं झालं होतं ते मला माहीत नाही.

तीन-चार वर्षांनी माझीच बदली भोपाळला झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा वामनराव एका बसखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "सिस्टरबाई, हात खराब आहेत, बाहेर येत नाही. जा सुखाने." फक्त पाय दिसत होते.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. मी भोपाळला लसीच्या जीपमधून तलावाच्या काठाने जात होते. हिवाळ्याची सकाळ होती. काठावर पायऱ्यांपाशी एक म्हातारं जोडपं दिसलं. ते भोपाळला कधी आणि कशासाठी आले होते ते मला माहीत नाही. वामनराव घोट्यापर्यंत पाण्यात उभे होते, धोतर वर खोचलेलं, एका हातात त्यांच्या चपला आणि दुसऱ्या हातात इंदूताईंच्या. इंदूताई पायरीवर बसून पाय पाण्यात हलवत होत्या. ते पलीकडच्या काठाकडे चपलांनी दाखवून त्यांना काहीतरी समजावून सांगत होते. त्या ऐकत नव्हत्या, पाण्याकडे बघून हसत होत्या. जीप थांबवावी असं मला वाटलं. ड्रायव्हरने माझ्याकडे वळून बघितलंही. मी म्हटलं, चला.